बदली राष्ट्रप्रमुखांची गल्ली

आमच्या गल्लीतलं गटार तुंबलं, ही काही जागतिक महत्त्वाची घटना नव्हती. गटार वरच्या टोकाला सलूनपासून निघतं, इस्त्रीवाल्याच्या आणि डेअरीवाल्याच्या दारावरून येतं, माझ्या ओट्याखालून जातं आणि सगळ्यात शेवटी, उतारावर, माझ्या थोरल्या बहिणीच्या म्हणजे अक्काच्या घरापाशी मोठ्या रस्त्याच्या नाल्याला मिळतं. मिळायचं, असं म्हणायला हवं. सलूनवाला त्यात केस लोटायचा. इस्त्रीवाला राख टाकायचा. डेअरीवाला कॅन विसळून चिकटा सोडायचा. माझ्या घरातून जायचं ते साधं घरगुती पाणी, त्यात वाईट काही नसे. थोडं तेल, थोडं उरलंसुरलं. हे सगळं उताराने खाली जाई, आणि खाली अक्का राहत असे.

गटार साफ करायचं तर सगळ्यांनी एकाच दिवशी आपापल्या दारापुढच्या फरश्या उचलायला हव्या होत्या. एकट्यादुकट्याने उचलून फायदा नव्हता, वरचा गाळ दुसऱ्या दिवशी खाली यायचा. पण फरश्यांवर सलूनवाल्याचं बाकडं होतं, इस्त्रीवाल्याचं टेबल होतं, डेअरीवाल्याचा फ्रीज होता आणि माझा ओटा होता. सलूनवाला म्हणे, इस्त्रीवाल्याने टेबल हलवलं की मी बाकडं हलवतो. इस्त्रीवाला म्हणे, आधी डेअरी. डेअरीवाला म्हणे, ओटा फोडल्याशिवाय फ्रीज हलवून काय उपयोग? आणि मी म्हणत असे की चांगल्या कामाची सुरुवात नेहमी वरून व्हावी. सगळ्यांचंच म्हणणं रास्त होतं. त्यामुळे पाणी अक्काच्या उंबऱ्याच्या आत गेलं.

अक्का ठेंगणी, एकटी, जिभेने तिखट. घरी बसून कापडी पिशव्या शिवते. पायाने चालवायचं जुनं मशीन आहे, त्यावर तिचं घर चालतं.

"धाकट्या," ती एका सकाळी माझ्या ओट्यापाशी येऊन म्हणाली, "पाणी मशीनच्या पायट्याला टेकलंय. अजून वीतभर चढलं की माझं पोट बुडालं. येत्या रविवारी सगळ्यांनी फरश्या उचला. फावडं मी देते."

रविवार ठरला. ठरला म्हणजे कुणी नाही म्हटलं नाही.

त्याच आठवड्यात सरकारच्या राजशिष्टाचार खात्याच्या एक मॅडम मोजपट्टी घेऊन गल्लीत आल्या. समुद्राची पातळी वाढते आहे, तिच्यावर विचार करायला जगातले राष्ट्रप्रमुख आमच्या शहरात जमणार होते. ते यायच्या आधी परिषदेची तालीम व्हायला हवी होती: खुर्ची पुरेशी रुंद आहे का, दिवा टकलावर चमकतो का, फोटोत कुणाचं डोकं कुणाआड जातं. खरे राष्ट्रप्रमुख तालमीला येत नाहीत. म्हणून त्यांच्या मापाची माणसं हवी होती.

बसच्या नोकरीत मी सारं आयुष्य काढलं. तिथे नेहमीचा ड्रायव्हर आला नाही की बदली ड्रायव्हर पाठवतात. हे तसंच होतं, फक्त गाडी कुठे न्यायची नव्हती.

सलूनवाला एका महासत्तेच्या मापात बसला. इस्त्रीवाला दुसऱ्या महासत्तेच्या. डेअरीवाल्याच्या मानेचा घेर एका राजाशी तंतोतंत जुळला. माझं पोट बघून मॅडमनी पट्टी गुंडाळली आणि म्हणाल्या, "तुम्ही यजमान. अध्यक्षस्थानी बसाल." मी नम्रपणे मान हलवली. अक्काला तर शोधावंही लागलं नाही. दूर समुद्रात एक चिमुकला बेटांचा देश आहे, त्याच्या पंतप्रधानबाई तेवढ्याच ठेंगण्या होत्या.

"कधी यायचं?" अक्काने विचारलं.

"रविवारी."

अक्काने माझ्याकडे पाहिलं. मी मॅडमकडे पाहिलं. जगाचा प्रश्न आणि गल्लीचा प्रश्न एकाच दिवशी आले तर समंजस माणूस काय करील, हे मी सांगायला नको.

परिषदेचा हॉल थंडगार होता. गालिचा असा की पाय टाकला तरी टाकल्याचं कळू नये. मॅडमनी नियम समजावले. हात मिळवताना आपला हात वर राहील असं बघायचं. दुसरा बोलत असताना हनुवटीखाली बोट ठेवायचं. कानातल्या यंत्रातून भाषांतर ऐकू आलं नाही तरी मान हलवायची. आणि सगळ्यात महत्त्वाचं, वाकायचं नाही.

"पेन खाली पडलं तर?" इस्त्रीवाल्याने विचारलं.

"पडू द्यायचं. राष्ट्रप्रमुख वाकत नाहीत. दुसरं कुणीतरी उचलतं."

"आणि आम्ही ठरवायचं काय?"

"काही नाही. ठराव छापून आलेला आहे." मॅडमनी गठ्ठा दाखवला. "सगळ्या देशांनी तीव्र चिंता व्यक्त केलेली आहे."

"अजून कुणी आलंच नाही, तर चिंता कधी केली?" डेअरीवाला म्हणाला.

"आयत्या वेळी चिंता करायला लावली, तर गोंधळ होतो," मॅडम म्हणाल्या.

मग माइकची चाचणी झाली. प्रत्येकाने थोडं थोडं बोलायचं होतं, विषय कोणताही चालेल. सलूनवाला दाढीच्या साबणावर बोलला. डेअरीवाल्याने म्हशीच्या स्वभावाबद्दल सांगितलं. शेवटी अक्काची पाळी आली. माइक तिच्या कपाळाशी येत होता, तो खाली ओढून ती म्हणाली:

"माझ्या घरात पाणी आलंय. ते मी आणलेलं नाही. वरून येतं, सगळ्यांचं मिळून येतं. मी रोज बादलीने उपसते आणि ते रोज येतं. मला फार काही नको. तुम्ही आपापल्या दारापुढचं तेवढं उचला."

काचेमागच्या भाषांतरवाल्या मुलीने डोळे पुसले. मॅडम धावत आल्या. "अगदी हेच! त्या पंतप्रधानबाई दर परिषदेत हेच बोलतात! आता सगळ्यांनी उभं राहायचं आणि टाळ्या."

आम्ही उभे राहिलो. टाळ्या वाजवल्या. सलूनवाल्याला हुंदका आवरेना. तो माझ्या कानाशी लागून म्हणाला, "ड्रायव्हरसाहेब, काय वाईट दिवस आलेत हो त्या बेटवाल्यांवर."

संध्याकाळी घरी येऊन त्याने दुकान झाडलं आणि आदल्या दिवसाचे केस गटारात लोटले.

परिषद सोमवारी सुरू व्हायची होती, ती झाली नाही. कारण असं की जो सगळ्यात मोठा असतो तो सगळ्यात शेवटी येतो. त्यामुळे प्रत्येकाला शेवटी यायचं होतं. राष्ट्रप्रमुखांची विमानं शहरावर येऊन पोचली आणि पहिलं कुणीच उतरेना. ती वर घिरट्या घालत राहिली. इंधन संपत आलं की शेजारच्या शहरात जाऊन भरायची आणि परत येऊन रांगेत शेवटी लागायची. समुद्राच्या काळजीपोटी इतकं इंधन याआधी कुणी जाळलं नसेल.

तोवर खुर्च्या रिकाम्या दिसू नयेत म्हणून आम्हाला रोज बोलावलं जाई. आम्ही बसू, मान हलवू, अक्का बोले, आम्ही उभं राहून टाळ्या वाजवू. सवयीने हात चांगले बसले.

सवय घरीही आली. सलूनवाला आणि इस्त्रीवाला सकाळी नळावर एकाच वेळी पोचले की दोघेही थांबत. "आपण आधी." "छे, आपण." नळ वाहून बंद होई आणि दोघे रिकाम्या बादल्या घेऊन, मान ताठ ठेवून परत येत. डेअरीवाल्याची किल्ली दुकानापुढे पडली, तर बायको माहेरून येईपर्यंत त्याने दुकान उघडलं नाही. ती आली, तिने किल्ली उचलली, आणि जे बोलली त्याचं भाषांतर करायची गरज पडली नाही.

माझ्याकडे अक्का आली ती गुडघ्यापर्यंत ओली होऊन.

"धाकट्या, मशीन विटांवर चढवलंय. आता माझे हात सुईपर्यंत पोचत नाहीत. फावडं घे आणि चल."

"अक्का," मी म्हणालो, "तुझ्या भावना मी समजू शकतो."

"भावना राहू देत. फावडं समजतं का?"

"हा प्रश्न एकट्याने सोडवायचा नाही. सगळ्यांना बरोबर घेऊन, टप्प्याटप्प्याने—"

"लहानपणी तू विहिरीत पडलास," अक्का म्हणाली, "तेव्हा मी टप्प्याटप्प्याने ओरडले असते म्हणजे बरं झालं असतं."

ती निघून गेली. मला वाईट वाटलं. मी तीव्र चिंता व्यक्त करणार होतो, पण ऐकायला कुणी नव्हतं.

शेवटी मॅडमनीच मार्ग काढला. त्यांनी प्रत्येक विमानाला वेगवेगळा निरोप दिला, "बाकीचे सगळे उतरले, तुम्हीच राहिलात." सगळी विमानं एकदम उतरली. मग हॉलच्या दारात तोच घोळ, आत आधी पाऊल कुणी टाकायचं? तेव्हा हॉलची रस्त्याकडची भिंत पाडली आणि सगळ्यांना एका ओळीत उभं करून एकदम आत घेतलं. धूळ बसली आणि परिषद सुरू झाली.

एक खुर्ची मात्र रिकामी राहिली. बेटांच्या पंतप्रधानबाई येऊ शकल्या नाहीत. त्यांच्या विमानतळावर पाणी आलं होतं.

"त्यांच्याशिवाय परिषद कशी होणार?" मॅडम घाबऱ्या झाल्या. "टाळ्या कुणासाठी वाजवायच्या?"

म्हणून अक्काला बसवलं. आम्ही बाकीचे बदली राष्ट्रप्रमुख मागे भिंतीला, म्हणजे उरलेल्या भिंतीला, टेकून उभे होतो. अक्का उठली आणि रोजचंच बोलली: पाणी आलंय, वरून येतं, सगळ्यांचं मिळून येतं. खरे राष्ट्रप्रमुख उठून उभे राहिले. त्यांच्या टाळ्या आमच्यापेक्षा सफाईदार होत्या, शेवटी मुरलेली माणसं ती.

"टाळ्या नकोत," अक्का म्हणाली. "एकजण तरी फावडं घेऊन या."

टाळ्या आणखी वाढल्या.

छापील ठराव मंजूर झाला. पण राष्ट्रप्रमुख इतके हेलावले होते की त्यांनी त्यात आपल्या मनाने भर घातली. असं धाडस, मॅडम म्हणाल्या, त्यांच्या नोकरीत पहिल्यांदाच झालं. ठरलं ते असं: या बाईंच्या घरातलं पाणी हे जगाच्या चिंतेचं प्रतीक मानावं. तिथे एक कोनशिला बसवावी. सगळ्या राष्ट्रांचं एकमत झाल्याशिवाय त्या शिलेला कुणी हात लावू नये. आणि पुढल्या वर्षी पाहुणे पाहणीला येतील तोवर त्या घरात परिस्थिती जैसे थे ठेवावी.

"जैसे थे म्हणजे?" अक्काने विचारलं.

"म्हणजे पाणी राहू द्यायचं," मॅडम हळूच म्हणाल्या. "ते उपसलं तर प्रतीक उरणार नाही. बादली जमा करावी लागेल, अक्का. माफ करा."

बादली जमा झाली. आम्हाला फार वाईट वाटलं. थोडं सुटल्यासारखंही वाटलं, कारण आता फरश्या उचलायचा प्रश्नच नव्हता, त्याला जागतिक मनाई होती. गल्लीला रंग लागला. दिवे आले. सलूनवाल्याने पाटीवर "आंतरराष्ट्रीय" असं वाढवून घेतलं.

अक्का मात्र गप्प झाली. ती गप्प झाली की मला लहानपणापासून भीती वाटते.

कोनशिलेच्या दिवशी राष्ट्रप्रमुख स्वतः गल्लीत आले. बूट भिजू नयेत म्हणून त्यांच्यासाठी डेअरीचे कॅन उलटे मांडले होते, त्यांवर ते ओळीने उभे राहिले. शिला चांगली दोन हात रुंद, घोटीव, जड. तिच्यावर कोरलं होतं: येथे जगाने एकमुखाने चिंता व्यक्त केली. गवंडी सिमेंट कालवून उभा होता.

"कुठे बसवायची?" मॅडमनी विचारलं. "जागा घरमालकिणीने दाखवायची असते."

अक्का ओला पदर खोचून पुढे झाली. माझ्या घराची हद्द संपते आणि तिची सुरू होते तिथे गटाराचं तोंड आहे. तिथे तिने बोट दाखवलं.

"इथे. पाणी माझ्याकडे इथून येतं. शिला इथे असली म्हणजे बघणाऱ्याला नीट कळेल."

"वा!" फोटोवाला म्हणाला. "मागे घर पण येतं."

"खोल बसवा," अक्का गवंड्याला म्हणाली. "जगाची चिंता आहे बाबा, हलता कामा नये."

गवंड्याने गल्लीच्या वरच्या टोकाकडे पाहिलं, अक्काकडे पाहिलं, आणि आणखी सिमेंट घातलं. राष्ट्रप्रमुखांनी थापीला हात लावला, वाकावं लागू नये म्हणून थापीला लांब दांडा जोडला होता. शिला गटाराच्या तोंडात बुचासारखी बसली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, आणि सगळ्यांत जोरात वाजवल्या.

पाहुणे गेले. दुपारी मी पडलो होतो, तर बायकोची हाक आली. "अहो, उठा! स्वयंपाकघरात पाणी!"

मी बाहेर आलो. पाणी शिलेपर्यंत येत होतं, थबकत होतं आणि माघारी माझ्या ओट्यावर चढत होतं. थोड्या वेळात डेअरीचा फ्रीज थरथरून बंद पडला. इस्त्रीवाल्याचे गिऱ्हाइकांचे गठ्ठे तरंगले. मग सलूनमधले केस सलूनमध्ये परत आले.

"ती शिला काढा आधी!" सलूनवाला ओरडत खाली आला.

"हात लावू नका!" शिलेपाशी पहाऱ्यावरचा पोलीस म्हणाला. "सगळ्या राष्ट्रांचं एकमत आणा."

मी मॅडमना फोन केला. "आमच्या घरात पाणी आलंय, मॅडम. पण जैसे थे—"

"जैसे थे फक्त अक्कांच्या घरापुरतं," मॅडम म्हणाल्या. "तुमच्या घराबद्दल कुणीच चिंता व्यक्त केलेली नाही. तुम्हाला काय करायचं ते करायला तुम्ही मोकळे आहात."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. आधी कोण, हे कुणी विचारलं नाही. सलूनवाल्याने बाकडं उचललं, इस्त्रीवाल्याने टेबल, फ्रीज तिघांनी मिळून सरकवला, आणि खालच्या फरश्या निघाल्या. ओटा मी माझ्या हातांनी फोडला. शिलेला वळसा घालून मोठ्या नाल्यापर्यंत नवी वाट काढायची तर ती माझ्याच दारातून जात होती. फावडं गल्लीत एकच होतं. मी अक्काकडे गेलो.

तिने ते दाराआड तयारच ठेवलं होतं.

"ने," ती म्हणाली. "वाकताना जपून हो. सवय मोडली असेल."

चहा निवेपर्यंत व्हावं इतक्या लवकर काम झालं, असं मी म्हणणार नाही. पण दिवेलागणीच्या आत पाणी नाल्याला लागलं. सगळ्यांच्या घरातलं उतरलं. वरून नवं येईना, म्हणून अक्काच्या घरातलंही आपोआप ओसरलं. मशीन विटांवरून खाली आलं आणि खडखडायला लागलं.

जैसे थे मोडलं म्हणून आता अक्काला धरतात की काय, अशी मला धास्ती होती. तसं झालं नाही. मॅडम येऊन कोरडी जमीन बघून गेल्या आणि जगभर बातमी गेली: परिषदेचं पहिलं यश, पाण्याची पातळी उतरली. फोटोत शिला होती. फावडं नव्हतं.

पुढल्या वर्षीची परिषद दुसऱ्या एका शहरात झाली. ती संपल्यावर मॅडम सहज म्हणून गल्लीत आल्या, तेव्हा अक्काने पहिलाच प्रश्न विचारला. "त्या बेटवाल्या बाई आल्या होत्या का गं?"

"आल्या ना! काय बोलल्या, अक्का! सगळे इतका वेळ उभे राहून टाळ्या वाजवत होते की जेवण थंड झालं. गेल्या वर्षीपेक्षा कितीतरी जास्त वेळ."

अक्काचं मशीन थांबलं.

"म्हणजे पाणी वाढलंय," ती म्हणाली.

अक्काने पुन्हा पाय चालवला.

ही हकिकत मी आता लिहून काढली आहे आणि बऱ्याच ठिकाणी वाचून दाखवली आहे. लोकांना आवडते. परवा तर एका ठिकाणी लोक हसले, हळहळले आणि शेवटी सगळेच्या सगळे उठून उभे राहिले, टाळ्या थांबेनात. मी उड्या मारतच घरी आलो आणि आधी अक्काला सांगायला गेलो. तिने दोरा दातांनी तोडला.

"उभे राहिले ते बरं केलं," ती म्हणाली. "घरी जाताना कुणी वाकलं का?"